दिवाळी ते पाडवा: पीक गेलेल्या वर्षी हिवाळा कसा काढायचा

प्रश्न औसा तालुक्यातल्या एका बाईचा आहे. दोन एकर कोरडवाहू, सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन उभ्या उभ्या सडलं. नवरा पुण्यात वॉचमन, महिन्याला सात हजार पाठवतो. घरी ती, दोन लेकरं आणि दम्याची सासू. दोन मायक्रोफायनान्स कंपन्यांचा मिळून ४,३०० रुपये हप्ता. गावातला एकजण २० हजार रुपये शेकडा पाचनं द्यायला तयार आहे. ती विचारते, "घेऊ का? बचत गटात आहे, पण तिथं सांगायची लाज वाटते. थंडी वाढलीय, पत्र्याच्या घरात पांघरुणं पुरत नाहीत. पाडव्यापर्यंत कसं निभवायचं?"

घेऊ नकोस. एवढं आधी सांगते, बाकीचं सावकाश बोलू.

माझ्या लेकीच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगं करते. बावीस वर्षं सहयोगिनी म्हणून, म्हणजे बचत गटांना हाताशी धरून चालवणारी कार्यकर्ती म्हणून, लातूर-धाराशिवच्या गावांत गट बांधले, फुटलेले जोडले, काही माझ्याच चुकीनं फुटले. दुष्काळही पाहिले आणि ओले दुष्काळही. त्यात कळलेली गोष्ट अशी की आपल्याकडं दिवाळी ते गुढीपाडवा या पाच महिन्यांत तंगी असते ती रोख पैशाची. रानात मात्र याच दिवसांत सगळ्यात जास्त खायला असतं. हरभरा वाढतो, तूर येते, ज्वारी निसवते, मळ्याच्या कडेनं भाजी उगवते, मजुरीला माणसं लागतात. म्हणून या दिवसांत घर पैशावरून काढून जमेल तेवढं धान्यावर आणि हातांवर आणायचं. हे एका घराला जमत नाही, चार-पाच घरं लागतात. आणि घरं जमवायची तर बोलावं लागतं.

पण आधी त्या २० हजारांचं. शेकडा पाच म्हणजे महिन्याला एक हजार, पाच महिन्यांत पाच हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. तेच पैसे गटातून शेकडा दोननं घेतलेस तर महिन्याला चारशे, पाच महिन्यांत दोन हजार. शिवाय ते व्याज गटातच राहतं, वर्षाअखेरी त्यात तुझाही वाटा असतो. तरी गटातूनसुद्धा वीस हजार उचलू नकोस. वीस कशाला लागतात ते कागदावर लिही. बहुतेक बायकांच्या यादीत मी पाहिलंय, निम्मे पैसे जुने हप्ते फेडायला आणि एखाद्या लग्नाच्या अहेराला निघतात. खाण्यापिण्याला आणि औषधाला खरंच लागणारी रक्कम सात-आठ हजारांच्या पुढं क्वचित जाते. तेवढीच माग. फेड हरभरा निघाल्यावर, हे ठरावात लिहून घे.

तो माणूस कोऱ्या बाँडवर सही मागत असेल तर उंबऱ्यावरूनच परत पाठव. परवान्याशिवाय सावकारी करणं हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तक्रार तालुक्याला सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडं होते. तू लगेच तक्रार कर असं म्हणत नाही, गावात राहायचंय हे मलाही कळतं. पण आपल्याला माहीत आहे एवढं त्याला कळलं तरी बोलणं बदलतं.

कंपन्यांचे हप्ते चुकायच्या आधी शाखेत जाऊन, पीक गेल्याचं लेखी देऊन मुदत वाढवून माग. चुकल्यावर मागितलं की त्यांचा आवाज चढलेला असतो. वसुलीवाला सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर येऊ शकत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि एका कंपनीचा हप्ता भरायला तिसरीचं कर्ज काढणं, इथं तर हात जोडून सांगते, नको. २०१२ च्या दुष्काळात माझ्या एका गटातल्या सात जणींनी हेच केलं आणि मी गप्प बसले. हप्ता वेळेवर जातोय, गटाचं नाव राहतंय, एवढंच मी पाहत होते. पुढच्या पावसाळ्यात त्यातल्या दोघी घराला कुलूप लावून रात्रीतून गेल्या. त्यातली एक अजून माझ्याशी बोलत नाही.

आता लाजेचं. गटात सगळ्यांसमोर उभी राहून सांगू नकोस, त्याची गरजही नाही. अध्यक्ष किंवा सचिव, जिच्याशी तुझं जुळतं तिच्या घरी जा. तिला तुझ्या घरचा आकडा सांग: येतात किती, हप्त्याला जातात किती, उरतात किती. सात हजार आणि लाडक्या बहिणीचे दीड हजार येत असतील तर हप्ता जाऊन ४,२०० उरतात. हा आकडा ऐकल्यावर कोणी नावं ठेवत नाही, कारण यंदा निम्म्या गावाचा आकडा असाच आहे. नावं ठेवली जातात ती लपवून ठेवल्यावर, नंतर उघडं पडल्यावर.

गट उमेदमध्ये, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानात असेल तर ग्रामसंघाकडं, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाकडं, जोखीम प्रवणता निधी असतो. नाव अवघड आहे, काम सोपं: आजारपण, उपासमार, अचानक आलेलं संकट यासाठी तो ठेवलेला असतो. बऱ्याच गावांत तो वापरलाच जात नाही, कारण मागत कोणी नाही.

रेशनचं नीट बघ. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदयला कार्डावर ३५ किलो, २०२३ पासून फुकट. नवऱ्याचं नाव तुझ्याच कार्डावर असेल तर तो पुण्यात आपल्या वाट्याचं धान्य उचलू शकतो आणि तू इथं उरलेलं. तो तिथं खानावळीला पैसे भरत असेल तर खोलीतल्या चौघांनी मिळून हे धान्य शिजवलं तर तुला हजार-पाचशे जास्त येतील. फोनवर विचार त्याला. रेशनचा तांदूळ दारात येणाऱ्या फेरीवाल्याला मातीमोल भावानं देऊ नकोस. निम्मा ज्वारी, निम्मा तांदूळ असं दळून आण, पीठ उकळत्या पाण्यात मळलं की भाकरी तुटत नाही. जुनी ज्वारी या दिवसांत महाग असते, नवी फेब्रुवारी-मार्चशिवाय येत नाही. तोवर हा जोड चालतो.

सासूबाई पासष्टीच्या वर असतील तर श्रावणबाळचा अर्ज तहसीलला गेलाय का? महिन्याला दीड हजार असतात. अतिवृष्टीचं अनुदान ई-केवायसीत अडकलंय का तेही तलाठ्याला विचार. आणि त्यांचं दम्याचं औषध बंद करायचं नाही. पैसे वाचवायला म्हाताऱ्या स्वतःच पंप कमी ओढतात आणि सांगत नाहीत. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषधं फुकट आहेत. दम्याला थंडीतली पहाट वाईट, गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी आशाताईला सांगून ठेव.

थंडीचं माझं शिक्षण १९९३ चं. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नुकती लग्न होऊन आले होते. तो अख्खा हिवाळा पत्र्याच्या शेडमध्ये काढला. रात्री पत्रा असा गार पडायचा की पहाटे आतून दव टपकायचं, अंथरुण ओलं. तेव्हा शेजारच्या एका आजीनं शिकवलं की थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. आपण पांघरुणावर पांघरुण घेतो आणि फरशीवर पातळ सतरंजी टाकून झोपतो. तू उलटं कर. खाली कडब्याचा किंवा सोयाबीनच्या भुसकटाचा वीतभर थर, त्यावर खताची धुतलेली रिकामी पोती, त्यावर गोणपाट, मग सतरंजी. निम्मी थंडी तिथंच थांबते. पत्र्याच्या खाली हातभर अंतरावर दोऱ्या बांधून जुन्या साड्यांचं छत कर. दव साडीवर पडतं आणि मधल्या हवेनं ऊब राहते. चुलीच्या वर मात्र साडी आणू नकोस.

शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं घरात घेऊन दार लावायचं नाही. निखाऱ्याचा धूर दिसत नाही, पण बंद खोलीत तो माणूस झोपेतच नेतो. शेकायचं ते अंगणात, आणि निजायच्या आधी विस्तव बाहेर.

पांघरुणांचं काम पहिलं काढ, कारण गोळा व्हायला सगळ्यात सोपं निमित्त तेच आहे. "माझ्याकडं पैसे नाहीत" म्हणायला जीभ जड होते, "या गं, वाकळा शिवू" म्हणायला होत नाही. प्रत्येकीनं जुन्या साड्या, धोतरं, लेकरांचे फाटके शर्ट आणायचे. एका वाकळीला पाच-सहा साड्या लागतात, वरून-खालून धड कापड आणि आत चिंध्या. चौघी चार कोपऱ्यांतून धावदोरा घालत मध्याकडं आल्या की दुपारच्या उन्हात बसून चार-पाच दिवसांत एक होते. पहिली वाकळ सगळ्यात जास्त गरज असलेल्या घरी, हे कोणी बोलत नाही, पण चार दिवस मांडीला मांडी लावून बसल्यावर कुणाकडं काय नाही ते आपोआप कळतं. तिथंच पुढची सगळी बोलणी होतात.

पुढची बोलणी म्हणजे चूल, मजुरी आणि डबा.

चुलीचं असं. थंडीत गॅस जातो तो पाणी तापवण्यात. लेकरांची आंघोळ दुपारी दोनला ठेव, काळ्या घागरी किंवा पत्र्याचं पिंप सकाळी दहापासून उन्हात ठेवलं की पाणी कोमट मिळतं. भाकरीला मात्र चूल. तुराट्या भरकन जळतात, पहिल्या दोन भाकऱ्यांत तवा तापण्यातच निम्मं जळण जातं. म्हणून तीन घरांच्या भाकऱ्या एका चुलीवर एकामागून एक टाका, एकीनं थापायच्या, एकीनं भाजायच्या, वाटून घरी न्यायच्या. डाळ भिजत घालून एक उकळी आली की झाकण घट्ट लावून भांडं जुन्या वाकळीत गुंडाळून टोपल्यात दोन तास ठेव. मऊ शिजते. मी हे आजही करते, माझ्या घरी दोन सिलिंडर आहेत तरी.

खाण्याबद्दल सांगायचं तर मला थांबवावं लागेल. हरभऱ्याचे शेंडे खुडायचे दिवस आता येतील. ज्याचं रान आहे त्याला विचारून खुड, कोणी नाही म्हणत नाही, कारण शेंडा खुडल्यावर झाड फुटतं आणि घाटे जास्त लागतात. पानांवरच्या आंबट दवानं, म्हणजे आंबेनं, बोटं चरचरतात, म्हणून दव सुकल्यावर जा. ताजी भाजी ज्वारीच्या कण्या घालून कर, उरलेली सावलीत वाळवून डब्यात भर, चैत्रात भाजीला काही नसतं तेव्हा आठवण होईल. चाकवत, घोळ, पाथरी रानात फुकट. हुलगे स्वस्त आणि अंगात ऊब आणणारे, रात्री लेकरांना हुलग्याचं माडगं दे. येसर करून ठेव: ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, धने भाजून दळलेली. दोन चमचे येसर, लसूण, तिखट, पाणी, की डाळीशिवाय आमटी. तेलाची गोष्ट म्हणजे बाटलीतून ओतायचं नाही, आठवड्याचं तेल सोमवारी वेगळ्या वाटीत काढायचं. ती वाटी दिसत राहते म्हणून हात आखडतो. शिळी भाकरी कुस्करून फोडणीला टाकलीस की पोरं भांडून खातात.

चहाचं मी काही सांगत नाही. बाकी सगळी काटकसर कर, पण सकाळचा एक कप राहू दे. ज्या घरात चहा बंद झाला तिथं चार दिवसांत भांडणं लागलेली मी पाहिलीत.

मजुरी एकटीनं रोजानं करू नकोस. पाच जणी मिळून गुत्तं घ्या, म्हणजे अख्खं काम ठरलेल्या रकमेला: तूर कापणी, मग हरभरा, मग ज्वारी काढणी. गुत्त्यात रोजापेक्षा दोन पैसे जास्त सुटतात आणि घरी यायची वेळ आपल्या हातात राहते. तूर आणि ज्वारीच्या वेळी मालकाला विचारा, निम्मी मजुरी धान्यात देतो का. त्यालाही रोख काढणं जड असतं. तुमचं पीठ-डाळ मोंढ्यातल्या भावापेक्षा स्वस्तात पडतं. रान मोकळं झालं की सरवा, म्हणजे काढणीनंतर पडून राहिलेलं धान्य, वेचायला जा. आमच्या लहानपणी सरवा हा गरिबाचा हक्कच होता, कोणी हटकत नसे. आता मशीननं काढणी झाल्यावर शेंगा जास्त पडतात आणि वेचणारे कमी झालेत.

तुझं दोन एकर पडीक पडू देऊ नकोस. ओल आहे तोवर हरभरा टाक. बियाणं आणि पेरणी सावडीनं कर: ज्याचे बैल किंवा ट्रॅक्टर, त्याच्या रानात तुम्ही दोघी-तिघी चार दिवस खुरपायला जायचं, त्यानं तुझी पेरणी करून द्यायची. सावड फेडायची मुदत बोलून ठेव, नाहीतर भांडण सावडीवरून होतं. आमच्या सासऱ्यांच्या वेळी इर्जिक घालायचे, आख्ख्या गावानं एकाचं रान एका दिवसात उरकायचं आणि त्यानं जेवण द्यायचं. आता इर्जिकीचं जेवणच मजुरीपेक्षा महाग पडेल.

या सगळ्यात लेकरं कोण सांभाळणार? तुझी सासू. पाचही घरांची लहान पोरं तुझ्या अंगणात, उन्हात. हे मुद्दाम सांगते. ज्या घराला मदत लागते त्या घराकडून दुसऱ्यांना काहीतरी जायला हवं, मग घेताना मान खाली जात नाही. दम्याची म्हातारी रानात जाऊ शकत नाही, पण पाच पोरांवर नजर ठेवू शकते. त्या बदल्यात तिच्या पुढ्यात दुपारची भाकरी कोणाच्या ना कोणाच्या घरून येते.

आणि धान्याचा डबा. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेनं साताऱ्याकडं मुठीमुठीनं धान्य गोळा करून वसतिगृहातली पोरं जेवू घातली, तीच रीत. पीठ काढताना किंवा दळण करताना रोज एक मूठ धान्य वेगळं. एक मूठ साधारण ५० ग्रॅम धरली तर दहा जणींचं महिन्याला १५ किलो होतं. एका घराचा आधार होतो. पूर्वी धान्य उसनं द्यायचे ते सव्वाईनं किंवा दीडीनं, पायली घेतली तर दीड पायली परत. तसलं काही नको. पायलीला पायली, तीही पीक आल्यावर.

पहिल्यांदा आम्ही हा डबा केला तेव्हा बैठकीत सर्वांसमोर मापून दिला. जिला दिला ती पुढच्या तीन बैठकांना आली नाही. मग रीत बदलली. डबा एकीच्या पडवीत ठेवला, माप त्यातच. जिला लागेल तिनं दुपारी येऊन घ्यायचं आणि भिंतीवर खडूनं एक रेघ मारायची, नाव नाही. परत आणून टाकलं की रेघ पुसायची. पाडव्याला दोन रेघा उरल्या होत्या. कुणाच्या ते आम्ही विचारलं नाही, भिंत सारवून टाकली. सचिव बाई हिशोबाला पक्की, तिला फार लागलं ते. ती अजून म्हणते की असं चालायला नको होतं, आणि लेख्यांच्या बाबतीत तिचं खरंच आहे. म्हणून रोख पैशाला ही रीत कधी लावू नका. पैसा म्हटला की वही, सही, अंगठा.

येळवस, म्हणजे रानात पूजा आणि जेवण करायची वेळा अमावस्या, तर डोक्यावर आलीच. आपल्याकडं तिला कानडी मुलखासारखाच मान. तुझ्या रानात यंदा काही नाही म्हणून घरी बसू नकोस. ज्याला रान नाही त्यालाही येळवशीला बोलवायचं ही रीतच आहे. पाच घरांनी एकाच कडब्याच्या कोपीत पूजा मांडा, भज्जी एकत्र करा, आंबील एकीनं, उंडे दुसरीनं. निम्म्या खर्चात होते आणि लेकरं पोटभर जेवतात.

मग संक्रांत. वाणाला प्लॅस्टिकच्या डब्या आणि आरशाच्या पेट्या घेऊन पैसे घालवू नका. आमच्या गटानं एका वर्षी ठरवलं: वाण म्हणजे एक वाटी तूरडाळ, नवी, घरची किंवा गुत्त्याची. बावीस जणींच्या घरी जी जी गेली तिच्याकडं चार-पाच किलो डाळ जमली. कोणी कोणाला मदत केली असं झालंच नाही, सगळ्यांनी वाण लुटलं. विधवा बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं का, यावर तेव्हा मोठा वाद झाला होता. दोघी उठून गेल्या. पण डाळीची गरज त्यांनाच जास्त होती, म्हणून बोलावलं. पुढं २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा आमच्या त्या उठून गेलेल्या दोघींपैकी एकीनं पेपरचं कात्रण आणून दाखवलं.

अहेराचं लगेच ठरवून टाका. पौषात लग्नं नसतात तेवढा दम मिळतो, माघ लागला की पत्रिका सुरू. गटाच्या ठरावात लिहा की यंदा एकमेकींत साडी-टॉवेल नाही, हातांनी काम: भाकऱ्या, भांडी, मांडव. एकटी अहेर टाळणारी चिकट ठरते. वीस जणींनी टाळला तर ती गावची पद्धत होते.

आधी उद्या सचिवाच्या घरी जा. वसुलीवाला आठवड्यात येणार असेल तर त्याच्या आधी शाखेतला अर्ज दे आणि त्याच्या प्रतीवर पोच घे. नवऱ्याला फोन लावशील तेव्हा रेशनचं विचारायला विसरू नकोस, आणि त्या शेकडा पाचवाल्याबद्दलही त्याला सांग. बऱ्याचदा असं होतं की इकडं बाई नाही म्हणते आणि तिकडं त्यानं फोनवर हो म्हणून टाकलेलं असतं.